पेपरातला कुठला मजकूर माणसाला खरंच हलवतो? अग्रलेख, की पाण्याचं वेळापत्रक?

सातरस्ता

मंडळी, एका कनिष्ठ महाविद्यालयात ६ जानेवारीला, म्हणजे पत्रकार दिनाला, बोलायला बोलावलंय. विषय दिलाय 'वृत्तपत्रीय लेखनाचे प्रकार आणि समाजावर होणारा परिणाम'. गाइडात यादी तयार मिळते: बातमी, वार्तापत्र, अग्रलेख, स्फुट, स्तंभ, मुलाखत, रिपोर्ताज, परीक्षण, व्यंगचित्र, वाचकांची पत्रं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढला इथून सुरुवात करायची, 'माध्यमे लोकशाहीचा चौथा स्तंभ आहेत' इथे संपवायचं, आणि मग शाल-श्रीफळ. मला ते करायचं नाही.

माझं म्हणणं असं, आणि यावर तुम्ही मला झोडपावं म्हणूनच धागा काढलाय. सोलापुरात माणसाच्या वागण्यावर सगळ्यात जास्त परिणाम करणारे पेपरातले दोन प्रकार म्हणजे पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक आणि निधनवार्ता. विनोद करत नाहीये. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात 'तांत्रिक कारणामुळे पाणीपुरवठा एक दिवस पुढे' ही सिंगल कॉलमी बातमी काय करते बघा. कोण कामावर दांडी मारणार, पाहुण्यांना कधी बोलवायचं, गोधड्या कधी धुवायच्या, टँकरवाल्याला फोन करायचा का, सगळं त्या सहा ओळींवर ठरतं. निधनवार्तेचंही तेच. 'अंत्ययात्रा राहत्या घरापासून सकाळी १० वाजता' यात एक आकडा चुकला तर शंभर माणसं रिकाम्या घरासमोर उभी राहतात. अग्रलेखात दहा आकडे चुकले तरी कुणाला पत्ता लागत नाही.

बोला.

भैय्याचौक

मग कालनिर्णय पण पत्रकारिताच म्हणायची का बे? आमच्या घरी त्याच्यावरच सगळं ठरतंय. 😄

वेळापत्रक महापालिका देते, पेपरवाला छापतो. त्यात पत्रकाराचं काय कर्तृत्व आलं? पोस्टमन पण पत्र आणतोच की.

जुनी_गिरणी

सातरस्ता, वाद चांगला आहे पण अग्रलेखाला इतकं स्वस्तात काढू नका. १९०८ साली टिळकांना सहा वर्षं मंडालेला धाडलं ते 'केसरी'तल्या लेखांसाठी. सरकारला ज्याची भीती वाटते तो परिणामकारक, एवढं साधं मोजमाप मी धरतो.

आणि सोलापुरात राहून हे विसरता? मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी इथे पोचली आणि गाव रस्त्यावर आलं. गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. 'कर्मयोगी'च्या रामभाऊ राजवाड्यांनाही मार्शल लॉमध्ये शिक्षा झाली. चार पुतळ्यापाशी आपण रिक्षाची वाट बघतो, पण त्या चौघांत एक पेपरवाला होता हे किती जणांना ठाऊक आहे? पोरांना हे सांगा.

सातरस्ता

गिरणीकाका, हे नक्की सांगतो. पण गाव पेटलं ते अटकेच्या *बातमी*नं, हे तुम्हीच लिहिलंत. :) अग्रलेखानं सरकार चिडतं, बातमीनं माणूस घराबाहेर पडतो.

रात्रपाळी

बरीच वर्षं डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पान लावण्याच्या कामात, काढली आहेत (कुठल्या पेपरात ते विचारू नका), म्हणून दोन गोष्टी.

भैय्याचौक, पोस्टमनचा दाखला चुकला. पाण्याची प्रेसनोट येते तेव्हा ती अशी असते: 'उजनी ते सोलापूर मुख्य जलवाहिनीवरील दुरुस्तीच्या अनुषंगाने शहरातील पाणीपुरवठा विस्कळीत होण्याची शक्यता असून नागरिकांनी सहकार्य करावे.' यात कुठला भाग, कुठला वार, किती वाजता, काही नाही. बातमीदार फोन लावतो, झोनप्रमाणे यादी काढतो, मागच्या वेळी एक दिवस सांगून तीन दिवस लागले होते ते आठवून विचारतो. मग त्या सहा ओळी होतात. इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या ओळीत, काय घ्यायचं याचं भान सगळ्यात जास्त अशाच बातमीत लागतं, कारण वाचणारा पहिली ओळ वाचून बादल्या भरायला उठलेला असतो.

दुसरी गोष्ट कॉलेजातल्या पोरांना सांगण्यासारखी. पान कसं लागतं ते. लोकांना वाटतं आधी बातम्या बसतात, मग उरलेल्या जागेत जाहिराती. उलटं असतं. संध्याकाळी डमी येते, म्हणजे पानाचा आराखडा, तेव्हा त्यावर जाहिरातींच्या चौकटी आखून झालेल्या असतात. उरलेलं अंगण आमचं. सणासुदीला ते इतकं आक्रसतं की चांगली अँकर स्टोरी (पानाच्या तळाशी लागणारी मोठी बातमी) तीन दिवस पडून राहते आणि चौथ्या दिवशी शिळी म्हणून मरते. बातमी महत्त्वाचं आधी, कमी महत्त्वाचं शेवटी अशी लिहायला शिकवतात, ते याच कारणानं. खालून कापली तरी जीव जाऊ नये.

तेव्हा 'समाजावर परिणाम' मोजताना छापलेलं मोजाल, पण डमीवर जागा नव्हती म्हणून जे गेलं ते कुठून मोजणार?

पद्मा_पूर्वभाग

मी इथे बहुतेक वाचतेच, लिहीत नाही. पण हा विषय आमच्या घरात नुकताच घडलाय.

आमच्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. घरात आम्ही तेलुगू बोलतो, टीव्ही तेलुगू, पण पेपर मराठीच, कारण तिचं शिक्षण सातवीपर्यंत मराठीत झालं. तिचा पेपरवर फार विश्वास. टीव्हीवर काही सांगितलं तर 'पेपरात आलंय का?' विचारते.

मागच्या महिन्यात पेपरात अर्धं पान होतं. मथळा 'मधुमेह मुळापासून बरा: सोलापुरात शिबिर'. खाली 'सोलापूर, प्रतिनिधी' असं अगदी बातमीसारखं. एका बाईंचा फोटो, त्यांची मुलाखत, मग 'तज्ज्ञ काय म्हणतात' अशी चौकट. शिबिर एका मंगल कार्यालयात. आई गेली, साडेचार हजारांची पावडर घेऊन आली आणि गोळ्या बंद केल्या. मला कळलं तेव्हा साखर तीनशेच्या वर होती.

मी पेपर परत बघितला. उजव्या वरच्या कोपऱ्यात, पानाच्या क्रमांकाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात'. आईला चाळिशी लागते. मी दाखवलं तर म्हणाली, पाण्याचं खरं छापतात, मग हे खोटं कसं छापतील?

सातरस्ता, तुमचा धागा वाचून तेच आठवलं.

भैय्याचौक

ताई, आईंची तब्येत आता कशीय? गोळ्या परत सुरू केल्या ना?

पद्मा_पूर्वभाग

हो. डॉक्टरांनी ओरडून सुरू करवल्या. आता बरी आहे.

सातरस्ता

पद्माताई, तुमच्या आईंचा प्रश्न मी त्या भाषणात जसाच्या तसा ठेवणार आहे, तुमची हरकत नसेल तर, नाव-गाव न घेता.

कारण माझ्या डोक्यात जे अर्धवट घोळत होतं ते तिथे पूर्ण झालं. पाण्याच्या आणि मयताच्या बातमीनं पेपर रोज थोडाथोडा भरवसा कमावतो. ते काम फुकटातलं, कंटाळवाणं, त्यावर कुणाची बायलाइन, म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव, नसते. आणि तोच साठवलेला भरवसा जाहिरात विभाग बातमीच्या टाइपात, बातमीच्या डेटलाइनसकट ('सोलापूर, प्रतिनिधी' ती) विकतो. वाचकाला प्रकार ओळखता येऊ नयेत यातच तर कुणाचा तरी धंदा आहे. म्हणून पोरांना प्रकार शिकवायचे ते परीक्षेसाठी नाही, मजकूर कुठल्या दारातून आत आला ते कळावं म्हणून.

रात्रपाळी

अगदी. आणि हे निवडणुकीत सगळ्यात उघडं पडलं. २००९ च्या विधानसभेच्या वेळी महाराष्ट्रात एकाच उमेदवाराची आरती ओवाळणारा मजकूर एकमेकांचे स्पर्धक म्हणवणाऱ्या पेपरांत शब्द न् शब्द सारखा आला होता. पत्रकार पी. साईनाथांनी ते 'द हिंदू'त मांडलं. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांची समिती नेमली, त्यांनी नावानिशी अहवाल दिला, पण कौन्सिलनं २०१० मध्ये त्याची काटछाट केलेली आवृत्ती स्वीकारली. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. पत्रकारांच्या संस्थेवर माहिती अधिकार वापरावा लागला, ही त्यातली गंमत.

'पेड न्यूज' हा शब्द सौम्य आहे असं माझं मत. जाहिरात जाहिरात म्हणून छापली तर पेपरला दर लावून पावती द्यावी लागते आणि उमेदवाराला ती खर्चात दाखवावी लागते. बातमी म्हणून छापली की दोघांचीही सुटका. आता निवडणुकीत जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती बसते. तरी वाढदिवसाच्या पुरवण्यांना कुठली समिती?

तालुका_वार्ताहर

डेस्कवाल्यांना जाहिरात विभागावर खापर फोडणं सोपं आहे. आमची बाजू पण ऐका.

मी तालुक्याच्या गावात पेपरचं काम करतो. पगार नाही. बातमीमागे जे मिळतं त्यात गाडीचं पेट्रोल निघत नाही. उत्पन्न काय, तर जाहिरातीचं कमिशन. दिवाळी अंक, वर्धापनदिन, नेत्याचा वाढदिवस, प्रत्येकाचं टार्गेट ठरलेलं. आता ज्या सरपंचाकडून वाढदिवसाची क्वार्टर पेज आणायची त्याच सरपंचाच्या घरकुल यादीतला घोळ मी कसा लिहिणार? लिहिलाय, नाही असं नाही. त्या वर्षी टार्गेट पूर्ण झालं नाही आणि ते मला वर्षभर ऐकवलं गेलं.

२०१७ ला पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानं कायदा केला. चांगलं झालं. पण मला कोणी मारत नाही हो. मला फक्त जाहिरात देत नाहीत.

मंगळवेढेकर

धागा पेपरभोवतीच फिरतोय म्हणून लिहितो. आमच्या भागात माध्यमांचा परिणाम हा शब्द काढला की एकच आठवतं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागायला तिकडे गेलेले. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जिवे मारलं. आधी कितीतरी दिवस व्हॉट्सॲपवर 'सावधान, मुलं चोरणारी टोळी आली आहे' चालू होतं. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली.

आता तुमच्या 'प्रकारां'शी याचा संबंध. त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. ते मूळचं कराचीतलं, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेलं जनजागृतीचं चित्रीकरण होतं. मूळ फितीत पुढे तेच दोघे पोराला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. म्हणजे जनहिताची जाहिरात होती, शेपूट कापल्यावर ती 'बातमी' झाली. पद्माताईंच्या आईंकडे आली तशीच, दुसऱ्याच वेषात.

त्या मेसेजमध्ये गाव नव्हतं, तारीख नव्हती, कुठल्या पोलीस ठाण्याचं नाव नव्हतं, सांगणाऱ्याचं नाव नव्हतं. कुठल्याही नवशिक्या वार्ताहराची अशी बातमी डेस्कनं तोंडावर फेकली असती. नंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. आमच्या तालुक्यातली माणसं तोवर गेली होती.

जुनी_गिरणी

यावर काय लिहावं कळत नाही. भटक्या माणसाबद्दल संशय आधीपासून होता, मोबाईलनं त्याला फक्त वेग दिला, असं मला वाटतं. 'गुन्हेगार जमात' हा शिक्का इंग्रजांनी मारला आणि पेपरांनी वर्षानुवर्षं तो 'अमुक टोळीचा धुमाकूळ' अशा मथळ्यांनी ताजा ठेवला. तेव्हा पेपर फार सोवळा आणि व्हॉट्सॲप तेवढं वाईट, असं नको.

मासकॉम_भाग२

विद्यापीठात शिकतोय, परीक्षेचं लिहितो असं म्हणू नका 🙏 पण यातला एक जुना अभ्यास इथे बसतो. मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपेल हिल गावातल्या, मत न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलं की तुम्हाला महत्त्वाचे प्रश्न कुठले वाटतात. आणि तिथले पेपर-टीव्ही कशाला किती जागा देतात तेही मोजलं. दोन्ही याद्या जवळजवळ जुळल्या. १९७२ मध्ये छापून आलं. म्हणजे माध्यमं काय मत बनवायचं ते सांगू शकतीलच असं नाही, पण कशावर मत बनवायचं ते ठरवतात.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे चिमणी. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. त्याआधी कितीतरी महिने गावात दुसरा विषय नव्हता. विमानसेवा हवी की नको, चिमणी अडथळा आहे की नाही. त्या काळात समांतर जलवाहिनी, म्हणजे उजनीपासूनची सुमारे ११० किलोमीटरची लाइन, तिच्यावर कट्ट्यावर कोण बोलत होतं? पाडायचं दृश्य मात्र सगळ्यांनी लाईव्ह बघितलं.

होटगीरोड_शेतकरी

मासकॉम, 'गावात दुसरा विषय नव्हता' म्हणजे शहरात. आम्हा सभासदांसाठी ती विमानाची बातमी कधीच नव्हती. आमचा ऊस पुढच्या हंगामात कुठं जाणार, ही बातमी होती. तुमचे टीव्हीवाले चिमणी कशी पडली ते शंभर वेळा दाखवायलेत, गाळपाचं काय ते एकदा विचारायला आले नाहीत. एकच घटना, शहराच्या पानावर विकास, आमच्या पानावर ऊस, आणि आमचं पान आतलं. विमान सुरू झालं, चांगलंच आहे, मी काय विमानाच्या विरोधात नाही.

मासकॉम_भाग२

हे आमच्या नोट्समध्ये नाही. लिहून घेतो काका.

भैय्याचौक

बूम (माईक) घेऊन फिरणाऱ्या यूट्यूबवाल्यांचं काय ते पण बोला की. कलेक्टर कचेरीसमोर निवेदन द्यायला चार माणसं आणि बूम अकरा. 'ब्रेकिंग' म्हणून लावतात, आत बघावं तर गणपती मंडळाची बैठक.

पद्मा_पूर्वभाग

हसू नका त्यांना. आमच्या गल्लीतलं गटार तीन वर्षं वाहत होतं. पेपरला अर्ज दिले, कुणी फिरकलं नाही. पूर्व भागातल्याच एका पोरानं मोबाईलवर आईची तेलुगू-मराठी मिसळ मुलाखत घेतली, नगरसेवकाला टॅग केलं, आठ दिवसांत चेंबर बदललं. त्याला इंट्रो म्हणजे काय माहीत नसेल. पण आमच्या बायकांना कॅमेऱ्यासमोर तेलुगूत बोलू देणारा तो पहिलाच.

रात्रपाळी

पद्माताईंचं मान्य. फक्त एक भर. त्याच पोरानं उद्या त्याच नगरसेवकाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ पैसे घेऊन केला, तर तो तसं सांगेल का? पेपरात निदान मुंगीएवढं 'जाहिरात' लिहावं लागतं. तिथे तेवढीही मुंगी नाही.

जुनी_गिरणी

यादीत एक प्रकार सगळेच विसरले: जाहीर नोटीस. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात, बारीक टाइप, आतलं पान. जमीन, वाडा, वारसाहक्क, बँकेची जप्ती, सगळं तिथून जातं. 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, अन्यथा हरकत नाही असे समजण्यात येईल.' गिरण्या बंद पडल्यावर आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची वडिलोपार्जित जागा अशीच गेली. भावानं कमी खपाच्या पेपरात नोटीस दिली, मुदत उलटली. छापलं म्हणजे सांगितलं असं कायदा धरतो. न वाचणाऱ्यावर एवढा परिणाम करणारा दुसरा मजकूर मला दाखवा.

सातरस्ता

काका, हे तर माझ्या पाणी-मयतवर ताण झाली. घेतो.

अजून एक माझ्याकडून, जाहिरातीवरच. १९२० साली बाबासाहेब 'मूकनायक' काढत होते तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नव्हती. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला तो तशाच स्थितीत. म्हणजे अग्रलेखात स्वराज्य, आणि जाहिरातीच्या खिडकीवर 'जागा नाही'. पेपर समाजाशी कसा वागतो ते बघायचं तर पहिल्या पानाइतकंच त्या खिडकीवरही बघावं लागतं. गिरणीकाका, टिळकांचा मंडालेही सांगेन आणि हेही, दोन्ही एकाच भाषणात.

जुनी_गिरणी

सांगा. मंडाले खोटा ठरत नाही त्यानं.

पद्मा_पूर्वभाग

एक विचारायचं होतं. त्या अर्ध्या पानाबद्दल कुठे तक्रार करता येते का? भाऊ म्हणतो सोडून दे, पेपरवाल्यांशी कोण भांडणार.

रात्रपाळी

सोडू नका. तुमचं प्रकरण साधं नाही. १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह स्पष्ट आहे, म्हणजे मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा, आणि ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही त्यात येतो. हा भाग अन्न व औषध प्रशासनाकडे, जिल्ह्याचं कार्यालय सोलापुरातच आहे. पावडरीचा डबा आणि पावती दोन्ही जपून ठेवा.

बातमीच्या वेषातली जाहिरात, हा भाग प्रेस कौन्सिलचा. आधी संपादकांना लेखी कळवायचं, त्यांचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर कौन्सिलकडे. दैनिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, म्हणजे तुमच्याकडे वेळ थोडा आहे. खरं सांगायचं तर कौन्सिल दंड करत नाही, ताशेरे ओढते. पण संपादकाला लेखी खुलासा द्यावा लागतो, आणि ते कुणालाच आवडत नाही. टीव्हीवाल्यांची तक्रार तिथे चालत नाही, त्यांचं वेगळं.

पद्मा_पूर्वभाग

संपादकांच्या पत्राचा मसुदा: 'आपल्या दैनिकाने वाचकांची घोर फसवणूक केली असून माझ्या आईच्या जिवाशी खेळ केला आहे. सदर मजकूर बातमीसारखा छापून आपण पत्रकारितेला काळिमा फासला आहे...' पुढे अजून एक पान आहे. चालेल का?

रात्रपाळी

राग रास्त आहे, पण 'घोर फसवणूक' आणि 'काळिमा' काढा. त्या दोन शब्दांवर ते वकिलाचं उत्तर पाठवतील आणि मूळ मुद्दा बाजूला राहील. एवढंच लिहा: अमुक तारखेच्या अंकात, अमुक पानावर, 'सोलापूर, प्रतिनिधी' अशी डेटलाइन देऊन बातमीच्याच टाइपात हा मजकूर आला, 'जाहिरात' हा शब्द इतक्या मिलिमीटरचा आहे (पट्टीनं मोजा), आणि हा प्रतिनिधी आपल्या संपादकीय विभागातला आहे का ते कळवावे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, त्याचं हो किंवा नाही, दोन्ही उत्तरं त्यांना अडचणीची.

पत्र स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह पाठवा. आणि कात्रण कापलं नसेल तर कापू नका. पूर्ण पान ठेवा, तारीख आणि तो कोपरा पानावरच असतो.